नाडीवांचून जीवन

मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हें ठरविण्याची आपल्याकडील सर्वांत जुनी खूण म्हणजे नाडी होय. वैद्य घरीं आला कीं प्रथम रोग्याचा हात हातांत घेतो, तीन बोटें मनगटावर टेंकतो आणि क्षणभर स्तब्ध बसतो. त्या वेळीं भोंवतीं जमलेल्या आप्तेष्टांचा सारा जीव त्या तीन बोटांच्या टोंकांशीं येऊन राहिलेला असतो. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें वर्णन आलें त्यास कित्येक शतकें लोटलीं, आणि वात, पित्त व कफ यांच्या नाड्यांस सर्प, बेडूक व हंस यांच्या गतींची उपमा देण्याचा प्रघात वैद्यवर्गांत अद्यापि आहे. भाषेंतही ही खूण इतकी खोल रुजली आहे कीं, 'नाडी सुटली' एवढे दोन शब्द उच्चारले म्हणजे पुढें कांहीं सांगावें लागत नाहीं.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास, आज पृथ्वीच्या पाठीवर असे हजारों स्त्रीपुरुष वावरत आहेत कीं ज्यांच्या मनगटास नाडी बहुधा लागतच नाहीं, असें कोणी सांगितलें तर तो सांगणाराच्याच प्रकृतीविषयीं शंका घेईल. पण गोष्ट खरी आहे. हीं माणसें जेवतात, जिने चढतात, कचेरीचें काम करतात, नातवंडांस गोष्टी सांगतात. त्यांच्या छातीस स्टेथोस्कोप लावला तर नेहमींच्या धडधडीऐवजीं फिरत्या भोंवऱ्यासारखी एक अखंड, बारीक गुणगुण ऐकूं येते. त्यांच्या दुबळ्या हृदयाशीं एक लहानसा पंप जोडलेला असतो आणि तो मिनिटास हजारों फेरे घेऊन रक्त अविरत पुढें ढकलीत असतो. हा पंप मनुष्यानें कसा साधला, त्यापायीं किती जणांनीं आपले प्राण पणास लावले, आणि तो साधल्यावर कोणते नवे प्रश्न आपल्यापुढें उभे राहिले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांतून एक गोष्ट विशेष ठळकपणें दिसते. हृदयाच्या ठोक्याची नक्कल करण्याचा आग्रह जोंवर चालला होता तोंवर यश अपुरेंच राहिलें. तो आग्रह सुटला आणि वाट सांपडली.

हृदय हें एक प्रकारचें पाणी उपसण्याचें यंत्र आहे ही कल्पना आज आपणांस सहज वाटते, परंतु ती फार जुनी नाहीं. १६२८ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ छापला. त्यांतील त्याचा मुख्य पुरावा साध्या हिशेबाचा होता. हृदय अर्ध्या तासांत जेवढें रक्त बाहेर लोटतें तेवढें सबंध शरीरांतही नसतें. तेव्हां तें दर वेळीं नवें उत्पन्न होत असणें शक्य नाहीं, तेंच तें फिरून परत येत असलें पाहिजे. या एका हिशेबानें हृदयाभोंवतींचें गूढतेचें वलय पुष्कळसें विरलें. हृदय जर पंप असेल तर मनुष्यास दुसरा पंप कां करतां येऊं नये, हा प्रश्न त्यापुढें एक ना एक दिवस निघणारच होता. १८१२ सालीं ल गाल्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो स्पष्टपणें मांडला. हृदयाच्या जागीं शुद्ध रक्त सतत पुरविण्याची कांहीं योजना करतां आली तर शरीराचा कोणताही भाग वाटेल तितका काळ जिवंत ठेवतां येईल, असें त्यानें लिहून ठेविलें. कल्पना सुचणें आणि तिला हातपाय फुटणें यांत मात्र सव्वाशें-दीडशें वर्षांचें अंतर पडलें.

ज्या रोगासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें स्वरूप प्रथम नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. डॉक्टर ज्यास 'हार्ट फेल्युअर' म्हणतात त्याचा अर्थ हृदय एकाएकीं बंद पडणें असा नाहीं. पूर्वीं येऊन गेलेला झटका, बिघडलेल्या झडपा, वर्षानुवर्षें वाढलेला रक्ताचा दाब किंवा स्नायूचाच एखादा रोग, यांमुळें हृदयाचा स्नायु हळूहळू सैल व दुबळा होत जातो. निरोगी हृदय मिनिटास सुमारें पांच लिटर, म्हणजे दिवसास सुमारें सात हजार लिटर रक्त फिरवितें. दुबळ्या हृदयास तें ओझें पेलत नाहीं. मग पाय सुजतात, चार पावलें चाललें कीं दम लागतो, आणि पुढें पुढें रोग्यास आडवें होणेंही अशक्य होऊन तो रात्रभर उशांस टेंकून बसून काढतो. १७८५ सालीं विथरिंग या इंग्रज वैद्यानें 'फॉक्सग्लव्ह' या फुलझाडाच्या पानांचा गुण प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या रोगावर औषधें निघत आलीं आहेत. आणि गेल्या चाळीस वर्षांतील औषधांनीं तर असंख्य रोग्यांचें आयुष्य वाढविलें आहे. तथापि अशी एक पायरी येते कीं जेथें औषधांचा उपाय खुंटतो. हृदययंत्राचा इतिहास तेथून पुढें सुरू होतो.

पहिलें पाऊल पडलें तें हृदयास कांहीं मिनिटें विसांवा देण्याच्या हेतूनें. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टन येथें जॉन गिबन हा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशीं रात्रभर बसून होता. फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनींत रक्ताची गुठळी अडकून ती त्याच्या डोळ्यांदेखत काळीनिळी पडत चालली होती. हें रक्त बाहेर काढून, त्यांत प्राणवायु मिसळून तें पुन्हा आंत सोडतां आलें असतें तर ही वांचली असती, या एका विचारानें त्यास झपाटलें. पुढचीं वीस-बावीस वर्षें त्यानें व त्याच्या पत्नीनें मिळून त्या यंत्राचा पाठपुरावा केला. त्या यंत्रांत रक्त ढकलण्यासाठीं जो रुळांचा पंप वापरला होता तो मायकेल डेबेकी यानें १९३२ सालीं वैद्यकाचा विद्यार्थी असतांना तयार केला होता. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील छिद्र शिवलें गेलें, आणि त्या वेळीं २६ मिनिटें तिच्या हृदयाचें व फुप्फुसांचें काम या यंत्रानें केलें. मुलगी वांचली. मनुष्य आपल्या हृदयावांचून कांहीं काळ तरी राहूं शकतो हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मिनिटांचे दिवस व दिवसांचीं वर्षें कशीं करावयाचीं, हा प्रश्न राहिला. त्याच्या मागें लागलेल्यांत विलेम कोल्फ या डच डॉक्टराचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. जर्मनांनीं हॉलंड व्यापिलें असतांना, १९४३ सालीं, कांपेन या लहानशा गांवीं मांसाच्या वळकट्यांस गुंडाळण्यासाठीं लागणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या वापरून त्यानें कृत्रिम मूत्रपिंड तयार केलें. असा मनुष्य हृदयाकडे वळला नसता तरच नवल! अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें गेल्यावर १९५७ सालीं त्यानें व आकुत्सु या जपानी सहकाऱ्यानें एका कुत्र्याच्या छातींत कृत्रिम हृदय बसवून त्यास सुमारें दीड तास जिवंत ठेविलें. १९६४ सालीं अमेरिकन सरकारनें कृत्रिम हृदयाची स्वतंत्र योजनाच हातीं घेतली. चंद्रावर माणूस पाठविण्याची तयारी चाललेल्या त्या दशकांत, पुरेसा पैसा आणि पुरेसे इंजिनिअर मिळाले कीं छातींतलें हें मूठभर यंत्र आपण करूंच करूं, असा विश्वास तेथें पसरला होता.

या ठिकाणीं दोन मार्ग फुटले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, दुबळें हृदय काढून टाकून त्याच्या जागीं संपूर्ण नवें यंत्र बसवावें. दुसरा पक्ष म्हणे कीं, हृदय जागच्या जागीं राहूं द्यावें व त्याच्या मदतीस एक पंप द्यावा. ह्यूस्टन शहरांत डेबेकी यानें ऑगस्ट १९६६ मध्यें दुसऱ्या मार्गानें मोठें यश मिळविलें. मेक्सिकोहून आलेल्या एका ३७ वर्षांच्या स्त्रीचें हृदय झडपांच्या शस्त्रक्रियेनंतर आपले काम पेलूं शकेना, तेव्हां त्यानें छातीबाहेर ठेवलेला पंप तिच्या रक्तप्रवाहास जोडला. दहा दिवसांत तिचें हृदय सांवरलें. पंप काढून घेतला गेला, आणि ती बरी होऊन घरीं गेली. पुढें सुमारें सहा वर्षांनीं ती वारली ती हृदयरोगानें नव्हे, तर मोटारच्या अपघातांत. थकलेल्या बैलाचें जूं कांहीं दिवस उतरविलें तर तो पुन्हा औताला लागतो, हें शेतकऱ्यास ठाऊक असलेलें तत्त्व हृदयासही लागू पडतें, असें या उदाहरणानें दिसलें.

परंतु लोकांचें लक्ष वेधलें तें पहिल्या मार्गानें. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत ख्रिश्चन बर्नार्ड यानें एका मृत तरुणीचें हृदय दुसऱ्या माणसाच्या छातींत बसविलें, आणि जगभर एकच खळबळ उडाली. या लाटेंत आपली मुंबईही मागें नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्यें, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली. आशिया खंडांतील ती पहिलीच. रोगी कांहीं तासच जगला. त्या काळीं परक्या हृदयास शरीर नाकारीत असे, आणि त्या नकारावर चांगलें औषध नव्हतें. त्यामुळें जगांतील बहुतेक शस्त्रवैद्यांनीं हा मार्ग लवकरच सोडून दिला. आपल्याकडे मेंदूच्या मृत्यूस कायद्याची मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें, आणि त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीस डॉक्टर वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण केलें.

मिळालेलें हृदय टिकत नाहीं आणि हवें तेव्हां तें मिळतही नाहीं, तर यंत्राचेंच हृदय कां बसवूं नये? ४ एप्रिल १९६९ रोजीं ह्यूस्टन येथील डेंटन कूली यानें हें धाडस केलें. ४७ वर्षांच्या एका रोग्याचें हृदय काढून त्यानें त्याच्या जागीं कृत्रिम हृदय बसविलें. तें ६४ तास चाललें. तोंवर रोग्याच्या पत्नीनें लोकांस केलेल्या कळकळीच्या विनंतीवरून एक मृत व्यक्तीचें हृदय मिळालें व तें बसविण्यांत आलें, परंतु दीड दिवसाच्या आंतच रोगी मरण पावला. वादळ उठलें तें यानंतर. हें यंत्र डेबेकीच्या प्रयोगशाळेंत डोमिंगो लिओटा या अर्जेंटिनी डॉक्टराच्या हातून घडत आलें होतें, आणि डेबेकी वॉशिंग्टनला गेला असतां त्याच्या परवानगीवांचून तें वापरलें गेलें. मृताच्या पत्नीनें पुढें कोर्टांत दावा लावला, तो कूलीच्या बाजूनें सुटला. पण एकाच शहरांत, हांकेच्या अंतरावर काम करणारे हे दोन थोर शस्त्रवैद्य सुमारें चाळीस वर्षें एकमेकांशीं बोलले नाहींत. २००७ सालीं, डेबेकी ९९ वर्षांचा व कूली ८७ वर्षांचा असतां, त्यांचा समेट झाला. दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. समोर मरणाच्या दारीं पडलेल्या माणसास 'अजून प्रयोग पुरे झाले नाहींत' असें सांगून परत पाठवावें, कीं अपुऱ्या यंत्राच्या हवालीं करावें? या प्रश्नाचें सर्वकाळीं बरोबर ठरणारें उत्तर त्या दोघांपैकीं कोणापाशींच नव्हतें, आणि आजही तें कोणापाशीं आहे असें वाटत नाहीं.

तात्पुरत्या उपयोगाऐवजीं कायमचें म्हणून यंत्राचें हृदय बसविण्याचा पहिला मान ज्यास मिळाला तो बार्नी क्लार्क हा ६१ वर्षांचा दंतवैद्य होता. २ डिसेंबर १९८२ रोजीं अमेरिकेंतील यूटा संस्थानांत विल्यम डव्हरीज यानें त्याच्या छातींत 'जार्विक-७' नांवाचें हृदय बसविलें. हें हृदय दाबाच्या हवेवर चाले. तीसाठीं कपाटाएवढें एक यंत्र रोग्याच्या पलंगाशेजारीं रात्रंदिवस चालू ठेवावें लागे, आणि दोन नळ्यांनीं रोगी त्यास जखडलेला असे. शस्त्रक्रियेपूर्वीं त्याजकडून अकरा पानी संमतिपत्रावर सही घेण्यांत आली. चोवीस तासांनीं त्यावर दुसऱ्यानें सही घेतली. त्याची पत्नी डॉक्टरांस म्हणाली कीं, हृदय काढल्यावर तो माझ्यावर पूर्वींसारखें प्रेम करूं शकेल ना? हा प्रश्न ऐकून डॉक्टरांस हंसूं आलें असेल. पण ज्या भाषेंत 'सहृदय' आणि 'हृदयशून्य' असे शब्द आहेत ती बोलणाऱ्या आपणांस तरी त्या बाईस हंसण्याचा अधिकार नाहीं. क्लार्क शुद्धीवर आला, त्यानें पत्नीस ओळखलें, आणि तिच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें.

क्लार्क ११२ दिवस जगला. पण ते दिवस सुखाचे नव्हते. झडप फुटली, फिट्स आल्या, रक्तस्राव झाला, ज्वरानें घेरलें. कोल्फ त्या वेळीं यूटा येथेंच होता. रोग्यास जीवन असह्य झालें तर यंत्र बंद करण्याची किल्ली त्याच्यापाशीं आहे, असें त्यानें सांगितलें होतें. महाभारतांत इच्छामरणाचा वर भीष्मास पित्याकडून मिळाला होता. येथें तो एका दंतवैद्याच्या हातीं किल्लीच्या रूपानें आला. क्लार्कनें ती वापरली नाहीं. २३ मार्च १९८३ रोजीं त्याचीं इतर इंद्रियें निकामी झालीं आणि त्याचा शेवट झाला. यंत्राचें हृदय मात्र तोंवर चालूच होतें.

या सर्व यंत्रांत एक सामान्य दोष होता. तीं हृदयाप्रमाणें आकुंचन व प्रसरण पावण्याचा प्रयत्न करीत. हृदय दिवसास सुमारें एक लाख, म्हणजे वर्षास साडेतीन कोटींहून अधिक ठोके देतें. जिवंत स्नायु झिजतो तसा स्वतःस पुन्हा बांधूनही काढतो. रबर व प्लास्टिक यांस ती विद्या नाहीं. पडदा वाकून वाकून फाटे, झडपा झिजत, आणि कोनाकोपऱ्यांत थबकलेल्या रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या मेंदूंत जात. शिवाय भरण्या-रिकामें होण्यासाठीं पिशवी लागे, पिशवीसाठीं जागा लागे, आणि ती जागा लहान चणीच्या माणसाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, शरीरांत नसे. सृष्टीची हुबेहूब नक्कल करूं पाहणारांस सृष्टीनें अशा रीतीनें जागोजागीं अडविलें.

अडलेली गाडी चालती करणारी कल्पना प्रयोगशाळेंत सुचली नाहीं. १९७६ सालीं रिचर्ड वॅम्प्लर हा अमेरिकन डॉक्टर ईजिप्तमध्यें गेला असतां, तेथील माणसें आर्किमिडीजच्या मळसूत्रानें पाणी वर चढवीत असल्याचें त्यानें पाहिलें. उतरत्या नळींत बसविलेलें हें मळसूत्र हातानें फिरविलें कीं खालचें पाणी त्याच्या पेडांवरून चढत चढत वर येऊन वाहूं लागतें. दोन हजार वर्षांहून जुन्या या साधनांत झडप नाहीं, पडदा नाहीं, आणि ठोकाही नाहीं. रक्त असें कां वाहवूं नये, असें वॅम्प्लरच्या मनांत आलें. विद्वानांनीं त्यास वेड्यांत काढलें. त्यांचे आक्षेप दोन होते. एक, वेगानें फिरणाऱ्या पात्यांनीं रक्तांतील नाजूक पेशी चिरडून जातील. आणि दुसरा, ठोक्यावांचून वाहणारें रक्त शरीरास मानवणार नाहीं, कारण निसर्गानें ठोका उगाच ठेविला नसेल. एप्रिल १९८८ मध्यें ह्यूस्टन येथें बड फ्रेझिअर या शस्त्रवैद्यानें वॅम्प्लरचा पेन्सिलीएवढा जाड पंप प्रथम मनुष्याच्या देहांत वापरला. पेशी चिरडल्या नाहींत. अल्पकाळ तरी शरीरानेंही तक्रार केली नाहीं. विचार केला तर त्यांत फारसें आश्चर्य नाहीं. हृदयापासून निघालेला ठोका मोठ्या वाहिन्यांतून पुढें जातां जातां मंद होत जातो, आणि ज्या केशवाहिन्यांतून शरीरास अन्न व प्राणवायु मिळतो तेथें रक्ताचा प्रवाह मूळचाच जवळ जवळ संथ असतो.

दीर्घकाळच्या प्रश्नाचें उत्तर पीटर हाउटन या इंग्रज गृहस्थानें दिलें. त्याच्या हृदयाची शक्ति संपत आली होती व हृदयारोपणास तो पात्र नव्हता. जून २००० मध्यें ऑक्सफर्ड येथें स्टीफन वेस्टबी या शस्त्रवैद्यानें त्याच्या हृदयांत अंगठ्याएवढा एक फिरता पंप कायमचा बसविला. हा पंपही रॉबर्ट जार्विक याच्याच नांवाचा. ज्यानें क्लार्कसाठीं ठोके देणारें हृदय घडविलें, तोच आतां ठोका सोडून देऊन प्रवाहाच्या मागें लागला होता. इतिहासाचा ओघ कोणीकडे वळला तें यावरून दिसतें. आज-उद्यां जाणार असें ज्याच्याविषयीं वाटत होतें तो हाउटन त्यानंतर सात वर्षांहून अधिक जगला, हिंडला, लिहिता राहिला, आणि अशा रोग्यांसाठीं पैसा जमविण्यास पायीं लांबच्या मजला करूं लागला.

केवळ एकट्यादुकट्याच्या उदाहरणावर शास्त्र भरंवसा ठेवीत नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत १२९ अत्यवस्थ रोग्यांचे दोन गट केले होते. निव्वळ औषधांवर ठेवलेल्यांपैकीं वर्षाअखेर शेंकडा २५ जिवंत होते. पंप बसविलेल्यांपैकीं शेंकडा ५२. पण हा पंप जुन्या, ठोके देणाऱ्या जातीचा होता, आणि दोन वर्षांअखेर त्याचेही शेंकडा २३ रोगीच उरले. २००९ सालीं त्या जुन्या पंपाची नव्या फिरत्या पंपाशीं २०० रोग्यांवर तुलना झाली. तेव्हां दोन वर्षांअखेर जुन्या पंपाचे शेंकडा २४ तर नव्याचे शेंकडा ५८ रोगी जिवंत आढळले. ठोक्याचा वाद त्या आंकड्यांनीं मिटविला. पुढील पिढींतील पंपाचें चक्र लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरीं तरंगत फिरतें. त्यास कोठेंही टेंकू नाहीं, म्हणून घर्षण नाहीं व झीजही नाहीं. गुठळ्या साठूं नयेत म्हणून तें चक्र दर दोन सेकंदांनीं आपला वेग क्षणभर कमीजास्त करतें. म्हणजे ज्या ठोक्यास निरोप दिला त्याची अस्पष्ट आठवण यंत्रानें पुन्हा जवळ केली, असें कोणास वाटल्यास तें अगदींच चुकीचें नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एक हजाराहून अधिक रोग्यांच्या पाहणींत, हा पंप बसविलेल्यांपैकीं पांच वर्षांअखेर शेंकडा ५८ जिवंत होते. त्याच्या आधींच्या पंपाचे ४४.

पण आंकड्यांनीं सांगितलेली गोष्ट येथें संपते आणि घरांतली गोष्ट येथून सुरू होते. पंपास वीज लागते, आणि ती पोटाच्या कातडींतून बाहेर आलेल्या एका तारेंतून जाते. रोगी कमरेस किंवा खांद्यास दोन बॅटऱ्या बांधून हिंडतो. पंधरा-सतरा तासांनीं त्या बदलाव्या लागतात, आणि झोपतांना तार भिंतींतल्या विजेस जोडावी लागते. नदींत किंवा तलावांत बुडी मारणें जन्माचें सुटतें. तारेच्या तोंडाशीं जंतु शिरूं नयेत म्हणून तेथील पट्टी नेमानें बदलावी लागते. रक्त पातळ ठेवणारें औषध कमी झालें तर गुठळीचें भय, जास्त झालें तर रक्तस्रावाचें. हें सर्व रोगी एकटा करूं शकत नाहीं. म्हणून पंप बसविण्यापूर्वीं, घरीं याची काळजी कोण घेणार, असें डॉक्टर विचारतात. शस्त्रवैद्याचें काम कांहीं तासांत आटोपतें. पत्नीचें, मुलाचें, सुनेचें काम वर्षानुवर्षें चालतें. आपल्याकडे चेन्नई, बंगळूर इत्यादि शहरांत असे पंप बसविण्यांत आले आहेत. परंतु त्यांची किंमत सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढी भरते, आणि जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं अशा गांवीं तर ती विकत घेऊनही निभाव लागणें कठीण. यंत्राच्या इतिहासांत ज्यास यश म्हणतात तें माणसांच्या इतिहासांत अद्यापि थोड्यांच्याच वांट्यास आलें आहे.

पुष्कळांस हा पंप दुसऱ्याचें हृदय मिळेपर्यंत तात्पुरता बसविलेला असतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनीं जुलै २०१० पासून सुमारें वीस महिने याच पंपावर काढले व मार्च २०१२ मध्यें त्यांस हृदय मिळालें. अशा रोग्याची स्थिति विश्वामित्रानें अधांतरीं थोपवून धरलेल्या त्रिशंकूसारखी असते. मृत्यूपासून तो सुटलेला, पण आरोग्याच्या द्वारीं अद्याप पोंचलेला नाहीं. आणि ज्या हृदयाची तो वाट पाहतो तें दुसऱ्या कोणाच्या घरीं आकांत झाल्यावांचून मिळावयाचें नाहीं. ज्यांस हृदयारोपण शक्यच नाहीं, त्यांच्यासाठीं मात्र हा पंप अखेरपर्यंतचा सोबती होतो.

आणि अखेर तर यावयाचीच. पूर्वीं ती नाडीवरून कळे. वैद्य हात खालीं ठेवी, आणि घरांतील माणसें समजत कीं आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. तो क्षण दुःखाचा असे, परंतु तो कोणी ठरविलेला नसे. या यंत्रानें तो आधार काढून घेतला आहे. मेंदू विझला, मूत्रपिंडें थांबलीं, तरी चक्र फिरतच राहतें. कोणी तरी हात पुढें करून तें थांबवावें लागतें. क्लार्कच्या हातीं दिलेली किल्ली अशा रीतीनें आज प्रत्येक रोग्याच्या व त्याच्या आप्तांच्या हातीं आली आहे. अमेरिकन सरकारच्या विमायोजनेनें २०१३ सालापासून, असे पंप कायमचे बसविणाऱ्या रुग्णालयांत दुःखशमनाच्या शास्त्राचा तज्ज्ञ असलाच पाहिजे, असा नियम केला आहे. त्याचें कारण हेंच. पंप केव्हां थांबवावा याचा विचार पंप सुरू करण्यापूर्वींच, रोगी शुद्धीवर असतांना, त्याच्याशीं बोलून झाला पाहिजे. आपल्या घरांतून मरणाविषयीं बोलणें अशुभ मानतात. पण हें बोलणें टाळल्यास तो भार पुढें कोणा मुलावर किंवा पत्नीवर पडतो, आणि तो जन्मभर उतरत नाहीं.

हार्वेनें हृदयास पंप म्हटलें तेव्हां कांहीं जणांस तें हृदयाचा अपमान केल्यासारखें वाटलें असेल. चारशें वर्षांच्या या वाटचालीनें निराळेंच दाखविलें. पंपाचें काम खरोखरच पंपानें करतां येतें. ठोकाही अपरिहार्य नाहीं. परंतु ठोका वजा केल्यावर मागें जें उरतें तें यंत्रास करतां आलें नाहीं. रात्रीं बॅटरीचा दिवा पाहण्यास उठणें, जखमेवरची पट्टी बदलणें, पुरे केव्हां म्हणावें तें हात हातांत घेऊन विचारणें, हीं कामें अजून माणसांकडेच आहेत. मनगटास नाडी लागेनाशी झाली तरी मनगट हातांत घेण्याचें प्रयोजन संपलेलें नाहीं.